परिवर्तनाची चिकित्सा : चिकित्सक सिद्धांत, तत्त्वज्ञान आणि वाशीम जिल्ह्यातील तांडा

बीजशब्द : सामाजिक परिवर्तन, चिकित्सक सिद्धांत, फुले-आंबेडकरी विचार, बंजारा तांडा, मान्यता, श्रेणीबद्ध विषमता

प्रस्तावना

समाज परिवर्तनशील असतो, हे विधान सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी परिचित होते. मात्र हे परिवर्तन कोणी घडविले, कोणाच्या वाट्याला त्याचा लाभ आला, कोणी त्याची किंमत मोजली आणि त्याला 'प्रगती' अथवा 'ऱ्हास' हे नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे प्रश्न पदवी स्तरावरील अध्यापनात आणि बहुतांश शोधनिबंधांतही फारसे उपस्थित होत नाहीत. आकडेवारी, तक्ते आणि टक्केवारी यांच्या आधारे बदल किती झाला हे सांगता येते. त्या बदलाचा अर्थ काय, हे सांगण्यासाठी तत्त्वज्ञानाकडे वळावे लागते.

वाशीम जिल्हा या दृष्टीने लक्षणीय आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, जैन भट्टारक परंपरेचे केंद्र असलेले कारंजा आणि बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले मानोरा तालुक्यातील पोहरादेवी अशी त्याची ओळख आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला आणि २०१८ मध्ये त्याचा समावेश देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. गेल्या काही दशकांत येथील शेतीत कापूस आणि ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली, रस्ते आले, शाळा आणि महाविद्यालये आली. परंतु 'मागास जिल्हा विकसित होत आहे' एवढ्या एका वाक्यात हे परिवर्तन सामावत नाही.

प्रस्तुत लेखात चिकित्सक सिद्धांत आणि तत्त्वज्ञान यांतील काही संकल्पनांच्या साहाय्याने बंजारा तांड्याच्या परिवर्तनाचे विवेचन केले आहे. सिद्धांताच्या साहाय्याने तांडा समजून घेत असतानाच तांड्याच्या अनुभवावर सिद्धांतही तपासून पाहिला पाहिजे, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपाद्य आहे.

चिकित्सक सिद्धांताचे स्वरूप

इंग्रजीत क्रिटिकल थिअरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारप्रवाहाचा उगम जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक संशोधन संस्थेत झाला. या संस्थेचे पुढे संचालक झालेले माक्स होर्कहायमर यांनी १९३७ मध्ये पारंपरिक सिद्धांत आणि चिकित्सक सिद्धांत यांतील भेद स्पष्ट केला. पारंपरिक सिद्धांत समाजाकडे निसर्गातील एखाद्या वस्तूप्रमाणे बाहेरून पाहतो आणि आहे त्या स्थितीचे वर्णन करतो. चिकित्सक सिद्धांत मात्र संशोधक स्वतः त्या समाजाचाच घटक आहे, त्याचे ज्ञानही विशिष्ट हितसंबंधांतून घडलेले आहे, हे मान्य करतो. त्याचे प्रयोजन केवळ वर्णन हे नसून माणसाला दास्यात ठेवणाऱ्या परिस्थितीपासून त्याची मुक्ती हे आहे.

या विचाराची मुळे अर्थातच अधिक जुनी आहेत. इमॅन्युएल कांट यांनी १७८४ मधील प्रबोधनविषयक निबंधात इतरांच्या मार्गदर्शनाविना स्वतःची बुद्धी वापरण्याचे धाडस म्हणजे प्रबोधन, अशी मांडणी केली होती. होर्कहायमर आणि थिओडोर अडोर्नो यांनी १९४७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रबोधनाच्या द्वंद्वात्मकतेविषयीच्या ग्रंथात या विश्वासाचीच चिकित्सा केली. भीतीपासून मुक्त करण्याचे आश्वासन देणारा विवेक केवळ साधनांचा हिशेब करू लागला, तर तो स्वतःच वर्चस्वाचे हत्यार होतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. नाझी राजवटीमुळे देशोधडीला लागलेल्या विचारवंतांच्या अनुभवाचा आधार त्यामागे होता.

महाराष्ट्रातील चिकित्सेची परंपरा

चिकित्सक सिद्धांत ही केवळ युरोपातून आलेली वस्तू आहे, असा समज आपल्या अभ्यासक्रमांमुळे दृढ होतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ आणि सत्यशोधक समाजाची स्थापना ही दोन्ही कार्ये १८७३ मध्ये, म्हणजे होर्कहायमर यांच्या निबंधापूर्वी ६४ वर्षे केली. धर्मग्रंथ आणि पुराणकथा या कोणत्या समूहाच्या हिताचे रक्षण करतात, हा त्यांचा प्रश्न विचारसरणीच्या चिकित्सेचाच प्रश्न होता. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा संबंध ज्ञानापासून त्याला वंचित ठेवणाऱ्या व्यवस्थेशी जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जातिनिर्मूलनाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९३६ चा, म्हणजे होर्कहायमर यांच्या निबंधाच्या एक वर्ष आधीचा आहे. श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत त्यांनी केलेला भेद आणि श्रेणीबद्ध विषमतेची त्यांची संकल्पना यांना युरोपीय चिकित्सक सिद्धांतात समांतर स्थान सापडत नाही.

बंजारा समाजाच्या मौखिक परंपरेतही चिकित्सेचे एक सूत्र जपले गेले आहे. परंपरेनुसार १७३९ मध्ये जन्मलेले आणि १८०६ मध्ये निधन पावलेले संत सेवालाल महाराज हे काळाच्या दृष्टीने कांट यांचे समकालीन ठरतात. आधी जाणून घ्यावे, मग चाळणीने चाळावे तसे पारखून घ्यावे आणि त्यानंतरच मानावे, असा उपदेश त्यांच्या नावाने तांड्यांतून सांगितला जातो. हे दोन विचार एकच आहेत, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्यांचे सामाजिक संदर्भ भिन्न आहेत. तथापि प्रश्न विचारण्याची वृत्ती तांड्याला बाहेरून शिकवावी लागते, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

तांड्याच्या परिवर्तनाची रूपरेषा

बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य आणि अन्य माल लादून दूरदूरच्या प्रदेशांत नेणे हा बंजारा समाजाचा पूर्वापार व्यवसाय होता. या लदेणीवर मध्ययुगीन बाजारपेठा आणि लष्करी मोहिमा अवलंबून असत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. कापसाच्या निर्यातीसाठी आलेली रेल्वे इतिहासग्रंथांत आधुनिकतेचे आगमन म्हणून नोंदविली गेली. लदेणीवर जगणाऱ्या तांड्यासाठी मात्र ती उपजीविकेच्या अंताची सुरुवात ठरली. तांडे हळूहळू माळरानावर, डोंगरउतारावर आणि गावाच्या शिवेबाहेर स्थिरावले. व्यापारी शेतमजूर झाला, काही कुटुंबांना हलकी जमीन मिळाली, आणि पुढे हंगामी स्थलांतर अनेकांच्या जगण्याचा भाग बनले.

१८७१ मध्ये गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा झाला. प्रथम उत्तर भारतात लागू झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी वाढत गेली आणि बंजारांसह अनेक फिरत्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला गेला आणि 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ज्या समाजाकडे काही दशकांपूर्वी संशयाने पाहिले जात होते, त्यातील व्यक्तीने राज्याचे नेतृत्व केले, ही घटना सामाजिक गतिशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती योग्यच आहे. परंतु एका नेतृत्वाच्या उदयाने प्रत्येक तांड्याच्या शाळेचा, पाण्याचा आणि रोजगाराचा प्रश्न सुटला नाही, हेही तितकेच खरे आहे.

वर्गीकरण, ज्ञान आणि सत्ता

ज्ञान आणि सत्ता परस्परांना जन्म देतात, हे मिशेल फुको यांचे प्रतिपादन वऱ्हाडाच्या संदर्भात अतिशय स्पष्टपणे पडताळता येते. मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीचा रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ चा चार खंडांतील ग्रंथ आजही शोधप्रबंधांत प्रमाण म्हणून उद्धृत केला जातो. त्यातील बंजारा समाजाविषयीचा लेख प्रामुख्याने वऱ्हाड पोलीस दलातील कम्बरलेज या अधिकाऱ्याच्या टिपणावर आधारलेला आहे. म्हणजेच ज्याला आपण मानववंशशास्त्रीय माहिती मानतो, तिचा उगम पोलिसी निरीक्षणात आहे. म्हणून ती माहिती सरसकट खोटी ठरत नाही. परंतु ती कोणत्या प्रयोजनाने गोळा केली गेली, काय विचारले गेले आणि काय विचारलेच गेले नाही, हे तपासल्याविना ती वापरणे म्हणजे जुन्या संशयाला नव्या प्रबंधात आश्रय देणे होय.

वर्गीकरणाचे हे राजकारण वसाहतकाळाबरोबर संपले नाही. गोरबोली ही स्वतंत्र शब्दसंपदा आणि मौखिक वाङ्मय असलेली इंडो-आर्य कुळातील भाषा आहे, तिचे नाते राजस्थानी बोलींशी सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत मात्र बंजारी आणि लमाणी-लंबाडी या नोंदी हिंदीच्या गटात समाविष्ट झाल्या. तसेच हा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. राज्याची सीमा ओलांडताच ज्याची सामाजिक ओळख बदलते, अशा समूहाकडे पाहिल्यावर प्रशासकीय वर्ग नैसर्गिक नसून ऐतिहासिक असतात, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

प्रगतीचे द्वंद्व

वेशभूषेतील बदल हे सांस्कृतिक परिवर्तनाचे सर्वांत दृश्य लक्षण आहे. आजी फेटिया-कांचळीत, आई साडीत आणि मुलगी महाविद्यालयाच्या गणवेशात, अशा तीन पिढ्या एकाच घरात पाहावयास मिळतात. आधुनिकीकरणाचा सिद्धांत याला प्रगती म्हणेल आणि संस्कृतिरक्षक याला ऱ्हास म्हणतील. दोघांनीही त्या स्त्रीला प्रश्न विचारलेला नसतो. आरसे, कवड्या आणि भरतकाम यांनी नटलेला वेश समूहाचा अभिमान होता. त्याच वेळी बाजारात, बसस्थानकावर आणि पोलीस ठाण्यात तोच वेश तिला चटकन वेगळी पाडत होता. साडी नेसणे हा काहींसाठी सौंदर्यदृष्टीतील बदल असेल, काहींसाठी संशयी नजरेपासून सुटका असेल. बहुसंख्याकांच्या चालीरीती स्वीकारण्याची ही संमती कोणत्या परिस्थितीत दिली गेली, हे समजून घेण्यासाठी अंतोनियो ग्राम्शी यांची धुरीणत्वाची संकल्पना उपयुक्त ठरते. वर्चस्व केवळ बळाने टिकत नाही, ते दैनंदिन जीवनातील 'स्वाभाविक' वाटणाऱ्या निवडींतून टिकते.

विवाहव्यवस्थेतील बदल अधिक गंभीर आहे. पूर्वी बंजारा समाजात वरपक्षाने वधूपक्षाला मूल्य देण्याची प्रथा होती. शिक्षण, नोकरी आणि शेजारील जातींचे अनुकरण यांबरोबर तिची जागा हुंड्याने घेतली. एम. एन. श्रीनिवास यांच्या संस्कृतीकरणाच्या संकल्पनेने या अनुकरणाची दिशा समजते, पण त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होत नाही. मुलगा शिकला आणि त्याचे विवाहातील 'मोल' वाढले. मुलगी शिकली तरी तिच्या पित्यावरील भार वाढला. वधूमूल्याची प्रथा आदर्श होती असे नव्हे, कारण तिच्यातही स्त्रीकडे विनिमयाची वस्तू म्हणूनच पाहिले जात होते. परंतु हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झालेला असताना शिक्षणासोबत हुंडा पसरावा, ही विसंगती प्रबोधनाच्या द्वंद्वाचे आपल्या अंगणातील उदाहरण आहे.

पोहरादेवी : संस्कृती-उद्योग की मान्यता?

अडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या मते आधुनिक भांडवली समाजात संस्कृतीचेही कारखान्यातील मालाप्रमाणे उत्पादन होते आणि रसिकाचे रूपांतर ग्राहकात होते. होळीच्या लेंगीचे ध्वनिक्षेपकावरील नवे अवतार किंवा पर्यटनासाठी सजविलेले लोकनृत्य पाहिले, की या विश्लेषणाची सत्यता पटते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. नगाऱ्याच्या आकाराच्या या वास्तूकडे केवळ संस्कृती-उद्योगाच्या दृष्टीने पाहिले, तर जिवंत परंपरेचे प्रदर्शनात रूपांतर झाले, असा निष्कर्ष निघेल.

परंतु हा निष्कर्ष अपुरा आहे. ॲक्सेल होनेथ यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या मान्यतेच्या सिद्धांतानुसार सामाजिक संघर्ष केवळ साधनसंपत्तीसाठी नसतो; अवमानित समूहांना सन्मानाची मान्यताही हवी असते. ज्यांच्याविषयीचा लेखी दस्तऐवज मुख्यत्वे पोलिसांच्या दप्तरात होता, त्यांचा इतिहास सार्वजनिक वास्तूत गौरवाने मांडला जाणे, ही सामान्य घटना नाही. युरोपातील सुस्थित नागरिकाला संस्कृतीचे प्रदर्शन तिचा अंत वाटू शकतो. गुन्हेगार ठरविलेल्या समूहाला ते आपल्या प्रतिष्ठेचे पुनरागमन वाटू शकते. येथे तांड्याचा अनुभव सिद्धांताला दुरुस्त करतो. मात्र नॅन्सी फ्रेझर यांनी दिलेला इशाराही विसरता कामा नये. मान्यता आणि पुनर्वितरण हे परस्परांना पर्याय नाहीत. संग्रहालय उभे राहिले आणि तांड्यातील मूल आईवडिलांच्या स्थलांतरामुळे शाळेबाहेरच राहिले, तर मान्यता अर्धीच राहते.

नसाब, ग्रामपंचायत आणि स्त्रियांचा आवाज

युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये सार्वजनिक अवकाशाची आणि पुढे १९८१ मध्ये जीवनविश्वाच्या वसाहतीकरणाची संकल्पना मांडली. परस्पर संवादातून चालणारे व्यवहार जेव्हा पैसा आणि प्रशासन यांच्या नियमांनी चालू लागतात, तेव्हा समाजाची अर्थनिर्मितीची क्षमता क्षीण होते. नायक आणि कारभारी यांच्या पुढाकाराने भरणारी नसाब ही तांड्यातील तंटे मिटविणारी पंचायत होती. तिची जागा ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि न्यायालय यांनी घेतली. अनेक तांडे मोठ्या गावाच्या गट-ग्रामपंचायतीत समाविष्ट असल्याने तेथे त्यांचा आवाज अल्पसंख्य ठरतो, ही हाबरमास यांच्या विश्लेषणाला पुष्टी देणारी बाब आहे.

तथापि नसाबीचे स्मरणरंजनही टाळावे लागेल. तिच्यात स्त्रियांना निर्णायक स्थान नव्हते आणि दंड अथवा बहिष्काराचा धाकही होता. उलट राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या आरक्षणामुळे तांड्यातील स्त्री पंचायतीच्या सदस्यपदी बसू शकली. ज्या व्यवस्थेला सिद्धांत 'आक्रमक' म्हणतो, तीच येथे काही अंशी मुक्तिदायी ठरते. दुसरीकडे, पंचायतीत मूक असलेल्या स्त्रीला सासरी जाताना गायिल्या जाणाऱ्या ढावलोमध्ये मात्र आपले दुःख सर्वांसमक्ष मांडता येत होते. दुःखाला वाचा देणे ही सत्याची अट आहे, असे अडोर्नो यांनी म्हटले होते. ढावलोकडे केवळ लोकगीत म्हणून न पाहता स्त्रियांच्या सामाजिक चिकित्सेचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची दृष्टी यातून मिळते.

सिद्धांताच्या मर्यादा

फ्रँकफुर्ट परंपरेने वर्ग, बाजार आणि नोकरशाही यांचे सखोल विश्लेषण केले. जात हा तिच्या अनुभवाचा भाग नव्हता. त्यामुळे शोषक आणि शोषित अशी द्विभाजित मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी बंजारा समाजाचे मोर्चे निघाले आणि त्याविरोधात आदिवासी संघटनाही रस्त्यावर उतरल्या. दोन्ही बाजूंना वंचनेचा इतिहास आहे आणि दोन्ही बाजूंची भीती खरी आहे. शिक्षण आणि नोकरीच्या मर्यादित संधींसाठी वंचितांनाच परस्परांसमोर उभे राहावे लागते, याचे स्पष्टीकरण डॉ. आंबेडकरांच्या श्रेणीबद्ध विषमतेच्या संकल्पनेत मिळते. प्रत्येक पायरीवरील समूहाला वरच्याविषयी तक्रार आणि खालच्याविषयी धास्ती असते, म्हणून सर्वांची एकजूट कठीण होते. या प्रश्नावर अध्यापकाने निवाडा देण्याची घाई करू नये. पण संधी इतक्या अल्प का आहेत, हा दोन्ही मोर्चांना समान असलेला प्रश्न विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावा.

अध्यापन व संशोधनाच्या दिशा

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील बाबी अध्यापक बंधु-भगिनींच्या विचारार्थ मांडाव्याशा वाटतात.

१. वसाहतकालीन ग्रंथांतील माहिती उद्धृत करताना तिचा कर्ता, प्रयोजन आणि काळ यांची चिकित्सा करणे अनिवार्य मानावे.

२. 'परिवर्तनाचे परिणाम' या शीर्षकाखाली केवळ लाभ-तोट्यांची यादी न करता लाभ कोणाचा आणि तोटा कोणाचा, याची लिंग, पिढी आणि वर्ग यांनुसार फोड करावी.

३. प्रश्नावलीबरोबर ढावलो, लेंगी, आत्मकथन आणि स्थलांतराच्या आठवणी यांनाही ज्ञानसाधन मानावे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' या आत्मकथनांनी भटक्या-विमुक्तांचे जे वास्तव समोर आणले, ते तत्पूर्वीच्या कोणत्याही तक्त्यात नव्हते.

४. तांड्यातून येणारा विद्यार्थी घरी गोरबोली, वर्गात प्रमाण मराठी आणि संदर्भग्रंथांत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतो. त्याच्या मौनाला मंदबुद्धीचे लक्षण समजण्यापूर्वी आपल्या वर्गात कोणती भाषा ज्ञानाची मानली जाते, याचे आत्मपरीक्षण व्हावे.

समारोप

चिकित्सक सिद्धांत आणि तत्त्वज्ञान सामाजिक परिवर्तनाविषयी तयार उत्तरे देत नाहीत. स्वाभाविक वाटणाऱ्या गोष्टींचा इतिहास शोधावयास ती शिकवितात. रेल्वे, कायदा, साडी, हुंडा, संग्रहालय आणि आरक्षण या तांड्याच्या जीवनातील सुट्या वाटणाऱ्या घटना त्यांच्यामुळे परस्परांशी जोडल्या जातात. त्याच वेळी तांड्याच्या अनुभवाने संस्कृती-उद्योग आणि जीवनविश्व या संकल्पनांच्या मर्यादाही दाखवून दिल्या आहेत, आणि फुले-आंबेडकरी विचाराविना हे विश्लेषण पूर्ण होत नाही, हेही स्पष्ट झाले आहे.

सिद्धांत कोणताही असो, तो जाणून घ्यावा, पारखून घ्यावा आणि मगच स्वीकारावा. हा निकष पोहरादेवीच्या परिसरात पिढ्यानपिढ्या सांगितला गेला आहे. ज्यांचा अभ्यास आपण करतो, ते केवळ माहिती पुरविणारे नसून स्वतः विचार करणारे आहेत, ही जाणीव आपल्या वर्गात आणि संशोधनात रुजली, तर परिवर्तनाचा अभ्यास हाही परिवर्तनाचाच एक भाग होऊ शकेल.